गळ्याशी आलेलं

पेपर वाचता वाचता बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. मग हातानं एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. "एका डोळ्यापुढे वरून पडदा सोडल्यासारखं झालंय," ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती, थोडं नवल होतं. आई म्हणाली, रात्री झोप नीट झाली नसेल. मी म्हणाले, नंबर वाढला असेल, तपासून घेऊ. पाच-सात मिनिटांत तो पडदा जसा आला तसा वर गेला. दुखलं काहीच नाही. बाबांनी पान उलटलं आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो.

नवव्या दिवशी सकाळी त्यांचा उजवा हात उचलेना. तोंड वाकडं झालं होतं. काहीतरी सांगायची धडपड चालली होती, पण जे बाहेर येत होतं त्याला शब्द म्हणता येत नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षं बाबा आमच्यात होते. चालायला लागले, डाव्या हातानं सही करायला शिकले. वाचा मात्र पूर्ण परतली नाही. 'हो' म्हणायचं असताना 'नाही' निघायचं आणि आपण उलटं बोललो हे त्यांना त्याच क्षणी कळायचं. ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावर बघणं फार जड जायचं. शेवटी गेले ते हृदयविकाराच्या झटक्यानं. आधी डोकं, नंतर हृदय. एकाच माणसाच्या वाट्याला दोन-दोन मोठी दुखणी कशी आली, असं आम्ही भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिलो.

दुखणं एकच होतं. हे कळायला मला पुढे कितीतरी वर्षांनी एका अंधाऱ्या खोलीत स्वतःची मान सोनोग्राफीच्या यंत्राखाली धरावी लागली.

चोपन्नावं लागलं होतं. बीपी १३८/८६, एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४८. मधुमेह नाही, तंबाखू-सिगारेट नाही. डॉक्टरांनी वय, बीपी, कोलेस्टेरॉल हे सगळं त्यांच्या संगणकातल्या गणितात घातलं आणि उत्तर आलं ते धड भीतीचंही नव्हतं नि दिलाशाचंही नव्हतं. मधला गट. "कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करा असंही सांगता येईल, थांबा असंही सांगता येईल," ते म्हणाले. मग बाबांचं सगळं विचारलं. ऐकून घेतल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. "मला एकदा तुमच्या मानेत डोकावून बघायचंय."

मी म्हटलं, "काळजी हृदयाची असेल तर हृदयच बघा ना. मान कशाला?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तसंच्या तसं पटतं. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या छातीच्या पिंजऱ्याआड असतात, पुढ्यात फुफ्फुसं, आणि त्या एक क्षण स्वस्थ नसतात. प्रत्येक ठोक्याला हलतात. त्यांच्या भिंतीचा साध्या सोनोग्राफीत थांग लागत नाही. मेंदूच्या वाहिन्या कवटीत बंद. मानेतली धमनी मात्र कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, सरळ, जाड, जवळजवळ स्थिर. जबड्याखाली बोट ठेवलं की हाताला लागते. आणि ज्या आजारानं हृदयाच्या वाहिन्या खराब होतात, तोच आजार इथंही चाललेला असतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. मानेतला दोष मानेतून हृदयाकडे जात नाही. रक्त तर उलट्या दिशेनं वाहतं. मान फक्त साक्ष देते.

या धमनीचं वैद्यकातलं नाव कॅरोटिड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गाढ झोप, गुंगी असा आहे. दोन्ही बाजूंच्या या वाहिन्या दाबल्या तर माणसाची शुद्ध हरपते हे त्या लोकांना ठाऊक होतं. आपला 'धमनी' हा शब्द फुंकणाऱ्या, धमणाऱ्या भात्याच्या कुळातला. आणि आपण मराठीत प्राण कंठाशी आले म्हणतो, गोष्ट गळ्याशी आली म्हणतो. बोली ज्यांनी घडवली त्यांनी शरीर उघडून पाहिलं नसेल, पण जीव कुठून जातो-येतो याचा त्यांचा अंदाज पक्का होता. मला त्या आठवड्यात हे शब्द सारखे आठवत राहिले.

तपासणीत दुखण्यासारखं काही नाही. पाठीवर झोपायचं, हनुवटी थोडी वर, मान विरुद्ध बाजूला. गार जेल. मग प्रोब, म्हणजे यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग, गळ्याच्या खालून हळूहळू कानाच्या दिशेनं सरकत जातो. पडद्यावर राखाडी धुकं, त्यात एक आडवा काळा पट्टा. तो काळा पट्टा म्हणजे वाहतं रक्त. पट्ट्याच्या खालच्या काठाला दोन बारीक पांढऱ्या रेघा समांतर दिसत होत्या, मध्ये एक काळसर फट. रेल्वेचे रूळ दुरून दिसावेत तशा.

त्या दोन रेघांमधलं अंतर हेच या तपासणीचं मर्म.

धमनीची भिंत तीन थरांची असते. आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा लवचिक थर, बाहेर वेष्टण. रक्त आणि अस्तर जिथं भेटतात तिथं एक रेघ उमटते, मधला थर संपून बाहेरचा सुरू होतो तिथं दुसरी. या दोहोंमध्ये येते ती आतल्या दोन थरांची मिळून जाडी. इटलीतल्या पाओलो पिग्नोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवून दिलं की सोनोग्राफीत दिसणारं हे अंतर आणि काढून ठेवलेल्या धमनीची प्रत्यक्ष मोजलेली जाडी जुळतात. जिवंत, चालत्याबोलत्या माणसाच्या रक्तवाहिनीची भिंत बाहेरून मोजता येऊ लागली. त्याआधी ती भिंत पाहायला मिळायची ती शस्त्रक्रियेत किंवा मेल्यावर. त्या काळच्या संशोधकांना केवढा आनंद झाला असेल, हे मी त्या टेबलावर पडल्या पडल्या समजू शकत होते.

मग मोजमापांची लाटच आली. फिनलंड, नेदरलंड्स, अमेरिका. हजारो धडधाकट माणसांच्या माना मोजायच्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. अमेरिकेतला एक अभ्यास १९९९ साली छापून आला, पासष्टीच्या पुढच्या ४,४७६ लोकांचा. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाही हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास नव्हता. साधारण सहा वर्षांनी पाहिलं तर ज्यांची भिंत सगळ्यात जाड होती त्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांना, सगळ्यात पातळ भिंतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याचा धोका तिपटीहून जास्त निघाला. बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा वाटा वजा करूनही. २००७ साली असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा हिशेब असा निघाला: जाडी ०.१ मिलिमीटरनं जास्त, तर झटक्याचा धोका १० ते १५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा १३ ते १८ टक्क्यांनी जास्त.

०.१ मिलिमीटर म्हणजे छपाईच्या एका कागदाची जाडी. पुस्तकाचं एक पान बोटांत धरून बघा. एवढ्यावर हे सारं तोललेलं आहे, आणि मला वाटतं या तपासणीची सगळी अडचणही तिथंच आहे. प्रोब जरा तिरका धरला, मोजायची जागा अर्धा सेंटिमीटर सरकली, ठोक्याच्या वेगळ्या क्षणी चित्र थांबवलं, की एक कागद इकडचा तिकडे होतो.

माझा रिपोर्ट आला. उजवीकडे जाडी ०.७, डावीकडे ०.७५ मिलिमीटर. वयाला साजेशी. मी सुस्कारा सोडला. मग दुसरा परिच्छेद वाचला. डाव्या बाजूला, धमनीला फाटा फुटतो त्या फुगवट्यापाशी, १.९ मिलिमीटर जाडीचा प्लाक, म्हणजे भिंतीत उठलेला उंचवटा. अडथळा ५० टक्क्यांहून कमी.

डावी बाजू. बाबांची वाचा गेली तीही डाव्या बाजूच्या मेंदूतली. माझ्या हातातला कागद थरथरायला लागला हे मला आधी कागदाच्या आवाजावरून कळलं. डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं की बाजूला काही अर्थ नाही, तो निव्वळ योग आहे, प्लाक डावी-उजवी बघून वारशानं येत नाही. त्यांचं बरोबर आहे. तरी ती रात्र मी उशीवर डावा कान टेकवला नाही.

जाडी आणि प्लाक या दोन गोष्टी मी तोवर एकच समजत होते. पुष्कळ जण समजतात. म्हणून यावर जरा थांबते.

भिंत सगळीकडून सारखी थोडी जाड होणं हे बऱ्याचदा वयाचं आणि रक्तदाबाचं काम असतं. जास्त दाबाखाली राहायचं तर मधला स्नायूंचा थर स्वतःला मजबूत करून घेतो. त्यात आजार किती आणि जुळवून घेणं किती हे सोनोग्राफीला सांगता येत नाही, कारण अस्तर आणि मधला थर तिला वेगवेगळे दिसतच नाहीत. प्लाकचं तसं नाही. तो एकाच ठिकाणी उठलेला उंचवटा असतो. तज्ज्ञांनी आपसांत ठरवलेली व्याख्या अशी: भिंतीतून आतल्या पोकळीत निदान अर्धा मिलिमीटर पुढे आलेला, किंवा आजूबाजूच्या जाडीच्या निम्म्यानं पुढे आलेला, किंवा एकूण दीड मिलिमीटरहून जाड. असा उंचवटा दिसला म्हणजे तिथं आजारानं घर केलं आहे.

आणि हे घर बाहेरून आत बांधलं जात नाही. नळात चरबी साचते, गंज चढतो, अशी चित्रं आपण लहानपणापासून बघतो. ती चित्रं चुकीची आहेत आणि त्यांनी फार नुकसान केलं आहे. कारण साचलेलं असेल तर खरवडून, धुऊन, एखाद्या काढ्यानं साफ होईल असं माणसाला वाटत राहतं. प्लाक भिंतीच्या पोटात वाढतो. अस्तराच्या पेशींखाली एलडीएलचे कण शिरतात, अडकतात, बिघडतात. शरीराला ते परके वाटतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्या मागे आत घुसतात, त्यांना गिळतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथंच मरतात. त्या चरबीच्या आणि मेलेल्या पेशींच्या गाभ्यावर शरीर तंतुमय झाकण घालतं, जखमेवर खपली धरावी तसं. वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. झाकण जाड असेल तर माणूस तो प्लाक घेऊन नव्वदी गाठतो. झाकण पातळ असेल आणि फाटलं तर आतला ऐवज रक्ताला लागतो, रक्त तिथं गुठळी करतं. हृदयाच्या वाहिनीत ती गुठळी वाट अडवते. मानेत असेल तर तिचे तुकडे सुटून प्रवाहाबरोबर वर जातात.

हे सगळं फाट्यावरच का होतं, हा मी विचारलेला प्रश्न. सरळ नळीत रक्त अस्तरावरून सरसर पुढे जातं, आणि त्या सततच्या घर्षणानं अस्तराच्या पेशी निरोगी राहतात. फाट्यापाशी धमनी फुगते, प्रवाह बाहेरच्या भिंतीपाशी मंदावतो, थोडा उलटा फिरतो. तिथल्या पेशींना ती सरळ, एका दिशेची घासणी मिळत नाही; त्या सैल पडतात, आत शिरणाऱ्यांना वाट देतात. नदीच्या वळणावर आतल्या अंगाला पाणी मंद होतं, तसंच. जन्मतः सगळ्यांना मिळालेली ही रचना आहे. जागा सगळ्यांकडे आहे. तिथं काय शिरेल हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर ठरतं. आणि सुरुवात वाटते त्यापेक्षा खूप आधी होते. १९५३ साली कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला होता. सरासरी वय बावीस. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या वाहिन्यांत या आजाराच्या खुणा होत्या. बाविशीतली पोरं. चोपन्नाव्या वर्षी माझ्या मानेत सापडलं त्यात नवल ते काय!

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात हजारो लोकांच्या मानेतले प्लाक मोजून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातून २००७ साली एक निष्कर्ष निघाला जो मी वाचल्यापासून ओळखीच्या प्रत्येक बाईला सांगते: मानेतला प्लाक आणि पुढे येणारा हृदयाचा झटका यांचा संबंध पुरुषांपेक्षा बायकांत अधिक घट्ट आहे. आपल्याकडे छातीत दुखणं हे पुरुषांचं, असं घरात आणि दवाखान्यातसुद्धा गृहीत धरतात. बायका धाप लागली तरी वयामुळे म्हणून सोडून देतात. त्याच गावातल्या अभ्यासानं हेही दाखवलं की सोनोग्राफीत काळपट, मऊ दिसणारा प्लाक हा पांढऱ्या, कडक झालेल्या प्लाकपेक्षा पक्षाघाताच्या दृष्टीनं जास्त धोक्याचा. चकाकणाऱ्या चुनखडीसारख्या डागानं घाबरायला होतं, खरा घातक डाग मात्र धुक्यात नीट दिसतही नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी सांगितल्याशिवाय मला हे लिहिण्याचा अधिकार नाही.

नुसत्या जाडीच्या आकड्यावर सुरुवातीला जो भरवसा होता तो पुढे टिकला नाही. २०१२ साली १४ अभ्यासांतल्या पंचेचाळीस हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. प्रश्न सरळ होता: वय, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान हे डॉक्टरांना माहीत असताना वर जाडीचा आकडा कळला तर अंदाज किती सुधारतो? सुधारतो, पण इतका थोडा की रुग्णाच्या उपचारात त्यानं फारसा फरक पडणार नाही. त्याच वर्षी दुसऱ्या मोठ्या अभ्यासानं सांगितलं की वर्षागणिक जाडी किती वाढली यावरून पुढच्या झटक्याचा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१० मध्ये ही मोजणी मधल्या धोक्याच्या लोकांसाठी रास्त म्हटली होती आणि २०१३ मध्ये नेहमीच्या तपासणीत ती करू नका असं सांगितलं. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शनातही जाडीला जागा नाही. प्लाक मात्र राहिला: धोका मधला असेल आणि हृदयाच्या वाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजायची सोय नसेल तर मानेतला प्लाक पाहून निर्णयाला मदत होऊ शकते, असं ते म्हणतात.

औषधांच्या बाबतीत तर या जाडीनं सगळ्यांना मोठाच चकवा दिला. २००८ साली एक चाचणी आली. जन्मतः कोलेस्टेरॉल फार असणाऱ्या ७२० जणांना दोन गटांत विभागलं. एकाला स्टॅटिन, दुसऱ्याला स्टॅटिनच्या जोडीला इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचंच दुसरं औषध. जोडगोळीच्या गटात एलडीएल बरंच जास्त उतरलं, पण दोन वर्षांनी मानेतली जाडी दोन्ही गटांत सारखीच. औषध कुचकामी आहे असा गवगवा झाला. मग २०१५ मध्ये १८,१४४ हृदयरुग्णांवरची मोठी चाचणी छापून आली आणि तीच जोडगोळी घेणाऱ्यांमध्ये झटके नि पक्षाघात थोडे पण निश्चित कमी झालेले दिसले. भिंतीची जाडी हलली नव्हती, झटके मात्र टळले. ज्यांनी मधल्या सात वर्षांत त्या रेघांच्या अंतरावर विसंबून गोळी बंद केली असेल, त्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून माझ्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी पुन्हा मान मोजून द्यायला नकार दिला. मी हट्ट धरला होता. गोळी घेते आहे, रोज चालते आहे, तर काही कमी झालं का हे मला बघायचं होतं. ते म्हणाले, "वर्षभरात जो फरक पडेल तो आमच्या मोजण्याच्या चुकीपेक्षा लहान असतो. कमी दिसलं तर तुम्ही खोट्या समाधानात राहाल, जास्त दिसलं तर खोट्या भीतीत. तुमचं एलडीएल आणि बीपी मोजू, त्यांच्यावर आपली हुकमत आहे." धट्ट्याकट्ट्या माणसांनी सहज म्हणून मानेतला अडथळा शोधत फिरू नये असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञमंडळानं २०१४ ला सांगितलं आणि २०२१ ला पुन्हा सांगितलं, त्यामागेही असंच कारण आहे. चुकून अडथळा दिसायचा, मग पुढच्या तपासण्या, मग शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रियेतच पक्षाघात. ज्याला लक्षणं दिसून गेली आहेत त्याची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याला ही तपासणी तातडीनं हवी.

मग माझ्या त्या एका तपासणीनं काय साधलं?

स्वीडनच्या उत्तरेला वेस्टरबॉटन प्रांतात एक प्रयोग झाला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. साडेतीन हजार लोकांच्या मानेची सोनोग्राफी केली. निम्म्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना त्याचं चित्र पाठवलं: रक्तवाहिन्यांचं वय हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्टीवर, आणि प्लाक असेल तर लाल ठिपका, नसेल तर हिरवा. दोन-चार आठवड्यांनी एका नर्सनं फोन करून समजावून सांगितलं. उरलेल्या निम्म्यांना काहीच कळवलं नाही, नेहमीचा सल्ला चालू राहिला. वर्षभरानं पाहिलं तर चित्र मिळालेल्यांचा एकूण धोका उतरला होता, न मिळालेल्यांचा चढला होता. नवं औषध नाही, नवी शस्त्रक्रिया नाही. फक्त दाखवलं.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. १४८ हा आकडा मी तीन वर्षं फायलीत पाहत होते. तो मला कधी माझा वाटला नाही. तो ठिपका माझा वाटला. त्या राखाडी पडद्यावर, माझ्याच ठोक्याबरोबर किंचित हलणारा, तांदळाएवढाही नसलेला. इंग्रजी कागदांत अशा खुणांना पुढचं भाकीत करणाऱ्या म्हणतात. मला तो शब्द खटकतो. त्या ठिपक्यानं माझं पुढचं काहीच सांगितलं नाही. प्लाक असलेली कितीतरी माणसं आयुष्यभर सुखरूप राहतात आणि स्वच्छ मानेच्या माणसालाही झटका येतो. त्यानं सांगितलं ते मागचं. तुझ्या शरीरात हे सुरू झालेलं आहे, होईल का, होणार नाही का, हा प्रश्न आता उरलेला नाही, एवढंच. मधल्या गटात ताटकळणाऱ्या मला तेवढं पुरेसं होतं. गोळी मी त्याच रात्री सुरू केली. एलडीएल आता ६८ आहे.

नंतर मी या विषयावरचं मिळेल ते वाचत सुटले आणि मॉन्ट्रियलच्या सी. मिलर फिशर या मज्जातंतुतज्ज्ञापाशी येऊन थांबले. १९५१ चा त्यांचा निबंध. तोवर पक्षाघात म्हणजे मेंदूतलीच वाहिनी बंद, असं धरून चालत. शवविच्छेदनात कवटी उघडायचे, मान सहसा कुणी उघडून बघत नसे. फिशर यांनी रुग्णांचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं. लुळेपणा येण्याआधी काही दिवस किंवा आठवडे काही मिनिटांपुरता एक डोळा गेला होता, असं त्यांतले काही जण सांगत. आणि डोळा असायचा उलट्या बाजूचा. शरीराची उजवी बाजू गेली तर डोळा डावा. मेंदूतल्या वाहिनीनं हे कोडं सुटत नव्हतं. मानेतल्या धमनीनं सुटलं. तिचीच पहिली मोठी फांदी त्याच बाजूच्या डोळ्याला जाते आणि उरलेलं रक्त त्याच बाजूच्या मेंदूला, जो विरुद्ध बाजूचं शरीर चालवतो. मानेतून सुटलेला कण आधी डोळ्यात जाऊन विरघळतो, पुढचा मेंदूत जाऊन अडकतो. एक दिवस शल्यविशारद या अडथळ्याला बगल द्यायचा मार्ग काढतील, असंही त्यांनी लिहून ठेवलं होतं. तीन वर्षांत, १९५४ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून मानेतल्या धमनीवरच्या यशस्वी शस्त्रक्रियेचा वृत्तांत आला.

बाबांच्या वेळी हे सगळं कधीच पुस्तकांत होतं. अशा क्षणिक झटक्यानंतर पहिले दोन दिवस सगळ्यात जोखमीचे, हे २००० साली आकड्यांनिशी दाखवून झालं होतं. तातडीनं उपचार केले तर पुढचा मोठा झटका टळण्याची शक्यता किती वाढते, हे २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासात दिसलं: नव्वद दिवसांतला धोका दहा टक्क्यांवरून दोनावर. डोळ्यापुरताच झटका असेल तर जोखीम त्याहून कमी असते, पण असते. आमच्या हातात आठ दिवस होते.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि डॉक्टरांकडे जायचं नाव काढत नाही. तिला मी मान तपासून घे म्हटलं नाही; आधी बीपी आणि कोलेस्टेरॉल बघ, एवढंच म्हटलं. ती हूं हूं करत ऐकत होती. फिशरांचं सांगून झाल्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"बाबांचा त्या दिवशी कुठला डोळा गं?" तिनं विचारलं. ती तेव्हा सासरी होती, तिनं ते पाहिलं नव्हतं.

मला विचार करावा लागला नाही. बाबांनी डोळे झाकून पाहिले होते ते एकाच हातानं, उजव्या. उजवा डोळा झाकला तेव्हा म्हणाले, आता अंधार. मग तोच हात डाव्या डोळ्यावर नेला आणि हसले, आता अक्षर न् अक्षर दिसतंय.

"डावा," मी म्हटलं.